सशाच्या पेटीत काय अंथरावे?

गाय, म्हैस, शेळी, कोंबडी ही आपल्या शेतकरी घरातली जुनी मंडळी. त्यांना काय घालावे, कोठे बांधावे, खाली काय पसरावे हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. अलीकडे मात्र मुलांच्या हौसेखातर पुष्कळ घरांत ससा येऊ लागला आहे. शहराच्या बाजारातून पांढरी जोडी आणावयाची, व्हरांड्यात खोके ठेवावयाचे आणि घरात जो काही भुसा असेल तो खाली टाकावयाचा, असा सर्वसाधारण प्रकार असतो. महिन्या-दोन महिन्यांत ससा शिंकू लागतो, नाकातून पाणी गाळतो, खाणे सोडतो आणि एके सकाळी मरून पडलेला दिसतो. घरची माणसे म्हणतात, थंडी बाधली. कोणी म्हणते, दृष्ट लागली. मुले दोन दिवस जेवत नाहीत. पण पुष्कळदा दोष ना थंडीचा असतो ना दृष्टीचा. तो त्या खोक्याच्या तळाशी, आपणच पसरलेल्या गादीत असतो. म्हणून या खेपेस आम्ही त्या गादीविषयीच लिहीत आहोत.

एक गोष्ट आरंभीच सांगतो. पाळावयाचा ससा आणि आपल्या माळावरचा रानससा हे वेगळे प्राणी आहेत. रानससा बीळ करीत नाही, पाळीव होत नाही आणि त्याला पकडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. बाजारात मिळणाऱ्या सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगाल या भागातले. ते जमिनीत बिळे करून कळपाने राहत आणि ठरावीक जागीच लेंड्या टाकीत. ती सवय आजच्या पाळीव सशातही टिकून आहे. म्हणूनच तो घराचा एक कोपरा धरतो आणि त्याला शौचाची पेटी लावता येते. कुत्र्यासारखे दटावून नव्हे, तर त्याने निवडलेल्या कोपऱ्यातच पेटी ठेवून.

तोंड, नाक आणि पाय

पेटीत काय घालावे हे ठरविण्यापूर्वी सशाचे शरीर थोडे समजून घ्यावयास हवे. तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर बाकीचे आपोआप उलगडते.

पहिली गोष्ट तोंडाची. कोंबडी आपली गादी उकरते, मांजर आपली माती सारते, पण ससा आपले अंथरूण खातो. तो दिवसभर थोडे थोडे कुरतडणारा प्राणी आहे आणि लेंड्या टाकत असतानाच गवत चघळण्याची त्याला सवय असते. त्याला ओकारी येत नाही. घोड्याप्रमाणेच त्यालाही एकदा गिळलेले उलटून टाकता येत नाही. आतड्यात काही फुगून बसले तर ते पुढेही सरकत नाही आणि मागेही येत नाही.

दुसरी गोष्ट नाकाची. ससा केवळ नाकाने श्वास घेतो. आपले नाक चोंदले तर आपण तोंड उघडतो. त्याला तसे जमत नाही. शिवाय त्याचे नाक जमिनीपासून चार बोटांवर. लघवी मुरलेल्या गादीत जंतूंच्या क्रियेने अमोनिया वायू तयार होतो, तोच गोठ्यात सकाळी डोळ्यांना झोंबणारा वायू. तो नाकाच्या आतली नाजूक त्वचा दुखवितो आणि मग पाश्चरेला नावाच्या जंतूला आत शिरावयास वाट मिळते. आपण थंडी म्हणतो ते पुष्कळदा हेच दुखणे असते.

तिसरी गोष्ट पायाची. कुत्र्या-मांजराच्या तळव्याला असते तशी मांसल गादी सशाच्या तळव्याला नसते. तेथे केवळ केस असतात. ओल्या, खरखरीत किंवा टोकदार जागेवर तो दिवसेंदिवस बसला तर मागच्या पायाचे केस झडतात, त्वचा लाल होते आणि जखमा चिघळतात.

माणसाला अंथरूण पाहून पाय पसरता येतात. सशाला ती सोय नाही. त्याचे अंथरूण आपणच पाहावयाचे. तेव्हा कोणताही पदार्थ हातात घेतला की तीन प्रश्न विचारावे : खाल्ला तर बाधेल का? हुंगला तर बाधेल का? त्यावर बसले तर बोचेल का? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल तरच तो पेटीत घालावा.

काय घालू नये

प्रथम लाकडाचा भुसा. सॉ-मिलमधून तो फुकट मिळतो, म्हणून तोच सर्वत्र दिसतो. परंतु मिलच्या ढिगात कोणकोणते लाकूड मिसळले आहे हे कोणालाच सांगता येत नाही. सागाच्या भुश्याने सुताराच्या हातालासुद्धा खाज सुटते. प्लायवुडच्या भुश्यात डिंक व रसायने असतात. परदेशी मालाच्या खोक्यांचे चिडाचे, म्हणजे पाइनचे लाकूड आणि आपल्याकडचा देवदार यांचा वास आपल्याला गोड वाटतो. पण तो वास म्हणजे लाकडातून उडणारी तेले व फेनॉलसारखी द्रव्ये. १९६७ साली अमेरिकेतील वेसेल या शास्त्रज्ञाने उंदीर व घुशी तांबड्या सीडरच्या आणि पाइनच्या भुश्यावर ठेवून पाहिल्या. त्यांच्या यकृतातील औषधे पचविणारी द्रव्ये वाढली आणि झोपेच्या औषधाचा अंमल नेहमीपेक्षा लवकर उतरू लागला. म्हणजे नुसत्या अंथरुणाने यकृताचे काम बदलले. प्रयोग सशांवर नव्हता हे खरे. परंतु दिवसरात्र त्याच वासात बसणाऱ्या लहान जनावराला त्यापासून दूर ठेवावे हे शहाणपण त्यातून घ्यावयास हरकत नाही.

बारीक भुश्याची धूळ ही आणखी एक अडचण, आणि ती घरच्यांनाही बाधक. लाकडाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना नाकाचा कर्करोग होऊ शकतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली मान्य केले आहे. घरातल्या एका पेटीने तसे होईल असे नव्हे. पण मूल ज्या कोपऱ्यात बसून सशाशी खेळते तेथे ती धूळ हवीच कशाला?

दुसरी मांजराची माती. शहराच्या दुकानात सुंदर चित्रांच्या पिशव्यांतून ती मिळते. १९४७ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाच्या माणसाने शेजारणीला राखेऐवजी मुलतानी मातीच्या जातीची वाळलेली माती दिली आणि तेथून हा धंदा वाढला. मांजरासाठी ती सोय उत्तमच. पुढे ओल लागताच गोळा होणारी बेंटोनाइटची माती निघाली. ही बेंटोनाइट आपल्याकडे कच्छ व राजस्थानातही सापडते. तिचा गुण म्हणजे पाणी पिऊन फुगणे, आणि सशाच्या पोटात हाच गुण घातक ठरतो. मांजर ती माती खात नाही, ससा खातो. पोटातल्या ओलाव्याने ती फुगून घट्ट गोळा होते आणि आतड्याला बूच बसते. काचेच्या खड्यांसारखे दिसणारे सिलिका जेलही याच कारणासाठी वर्ज्य समजावे. सुगंध किंवा खाण्याचा सोडा मिसळलेल्या पिशव्याही सशासाठी घेऊ नयेत.

तिसरे भाताचे तूस. कोंबड्यांच्या शेडमध्ये तुसाची गादी आपण सर्रास घालतो, म्हणून सशालाही तीच घालण्याचा मोह होतो. पण कोंबडीचे पाय खवल्यांचे असतात, सशाचे केसांचे. तुसात सिलिका पुष्कळ, कडा खरखरीत, धूळ फार आणि शोषण्याची ताकद थोडी. लघवी तुसावर न थांबता सरळ तळाशी जाते. कोंबडीला चालते ते सशाला चालेलच असे नाही, ही खूणगाठ बांधून ठेवावी.

चौथी भुईमुगाची टरफले व मक्याची बुरकुंडे. ओलावा लागला की यांवर बुरशी धरते. त्यातल्या एका बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष होते. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन ३९७ माणसे आजारी पडली व त्यांपैकी १०६ दगावली. सशाचे यकृत तर या विषाला फारच हळवे. मक्याच्या बुरकुंडाचा तुकडा आतड्यात अडकण्याची भीती वेगळीच.

पाचवे आपल्या भागातले काही खास टाकाऊ पदार्थ. निपाणीकडे तंबाखूची देठे व चुरा मुबलक असतो. त्यात निकोटिन असते, ते विष आहे. चंदगड-गोव्याकडची काजूची टरफले चिकाने कातडी भाजतात, हे काजू फोडणाऱ्या बायकांना सांगावयास नको. उसाच्या पाचटाच्या कडा कापतात आणि त्यावरची कुसे पायात व डोळ्यात जातात. साखर कारखान्याजवळचा शिळा बगॅस तर माणसालाही वाईट. बुरसलेल्या बगॅसची धूळ छातीत जाऊन होणाऱ्या दम्यासारख्या आजाराला वैद्यकात बगॅसोसिस असेच नाव आहे.

शेवटी गोठ्यातल्या सवयी. चुना, चुलीतली राख, फिनाईल, डांबराच्या गोळ्या यांपैकी काहीही पेटीत टाकू नये. चुना व राख पाय आणि डोळे पोळतात. बाकीच्यांचा वासच विषारी. काही घरांच्या माळ्यावर बीएचसी पावडरीचे जुने डबे अजून पडलेले असतील. त्या औषधावर आपल्या देशात १९९७ सालापासून बंदी आहे. ते सशालाच काय, कोणत्याही जनावराला लावू नये.

मग काय घालावे?

येथे शेतकऱ्याला शहरवाल्यापेक्षा सोपे जाते, कारण उत्तम माल त्याच्याच शेतात असतो. सशाला सर्वांत चांगले अंथरूण म्हणजे त्याचे अन्न : स्वच्छ, वाळलेले गवत. ते खाल्ले तर पोट चालते, दात झिजतात आणि ओठांशी गवत असल्यामुळे तो पेटीतच रमतो. बांधावरचे गवत कापून सावलीत वाळवावे. मात्र त्यात गाजर गवत किंवा घाणेरी येता कामा नये. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलेले गाजर गवत आज प्रत्येक बांधावर आहे; ते माणसाच्याही अंगावर पुरळ उठविते. घाणेरी गुरांच्या यकृताला बाधते हे आपण जाणतोच.

गवताच्या खाली भाताचे किंवा गव्हाचे काड चालते. खानापूरकडच्या भातशेतीत ते हवे तितके मिळते आणि भाताचे काड मऊही असते. कापणीच्या तोंडावर फवारणी झालेल्या शेतातले काड मात्र घेऊ नये. गंजीच्या वरच्या थरातले पावसाने काळवंडलेले, कुबट वासाचे काडही घेऊ नये. मूठभर काड नाकाशी धरून पाहावे. वास गोड, सुक्या काडाचा आला तर घ्यावे, खोकला आला तर टाकावे.

काड लघवी फारशी शोषत नाही, म्हणून तळाशी कागद हवा. जुनी वर्तमानपत्रे चालतात, पण थोडा विचार करून. छपाईच्या शाईमुळे वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असा इशारा भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली दिला आहे. तेव्हा कागद तळाशी असावा, वर काडाचा जाड थर असावा आणि ससा कागदच उपसून खात असेल तर तो काढून कोरा कागद किंवा खाकी पुठ्ठा घालावा. चकचकीत रंगीत पाने घेऊ नयेत. पुठ्ठ्याच्या पिना व चिकटपट्ट्या काढाव्या. अंड्याचे कागदी ट्रे उत्तम शोषतात, पण ते कोरे हवेत. वापरलेल्या ट्रेवर कोंबडीच्या विष्ठेतले जंतू असू शकतात.

दुकानातून काही आणावयाचेच असेल तर कागदाच्या लगद्याच्या गोळ्या निवडाव्या. सुगंध, रंग वा रसायन नको. बॉयलरमध्ये जाळण्यासाठी शेतकचऱ्याच्या ज्या कांड्या मिळतात त्या जळण म्हणून केलेल्या असतात, सशासाठी नव्हेत. नारळाच्या काथ्याचा भुसा पाणी फार शोषतो, परंतु सुका असता धूळ उडते आणि खाल्ला तर पोटात फुगतो. तो वापरावयाचा झाल्यास वर जाळी बसवून, सशाचे तोंड पोचणार नाही असाच वापरावा.

पेटी मांडावी कशी

ससा आत आरामात वळून बसू शकेल एवढी पेटी हवी. साधारण दीड फूट लांब व सव्वा फूट रुंद प्लॅस्टिकचा टब पुरतो. एक बाजू चार बोटे उंचीची असावी, म्हणजे चढउतार सोपा. तळाशी कागदाचे चार-पाच पदर, त्यावर दोन-तीन बोटे काड आणि एका टोकाला ताज्या वाळल्या गवताची पेंढी. ससा एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाचे गवत खाईल.

पहिले काही दिवस त्याच्या चार लेंड्या व लघवीने भिजलेला कागदाचा तुकडा पेटीत ठेवावा. बाहेर घाण केली तर मारू नये. मारलेला ससा शिकत नाही, नुसता भितो. वयात आलेला नर जागोजागी मुततो, तो हद्द आखण्यासाठी. पशुवैद्याकडून खच्चीकरण करून घेतले तर ही खोड पुष्कळ कमी होते.

ओला कोपरा रोज काढावा आणि सबंध गादी दोन-तीन दिवसांनी बदलावी. पावसाळ्यात रोज हात लावून पाहावे. तपासणी सोपी आहे : सकाळी पेटीशी खाली बसून नाक सशाच्या उंचीला न्यावे. आपल्या डोळ्यांना झोंबले तर गादी बदलण्यास उशीर झाला असे समजावे. सशाच्या लघवीत चुन्याचा अंश असतो, म्हणून पेटीला पांढरे थर बसतात. ते स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरने सुटतात. गोव्याकडचा माडाचा शिरकाही चालतो. नंतर साध्या पाण्याने धुऊन पेटी उन्हात वाळवावी. व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो.

पेटी हा सशाच्या प्रकृतीचा आरसाही आहे. लेंड्या गोल, सुक्या व सारख्या असाव्यात. पहाटे दिसणारी मऊ, चकचकीत, घोसासारखी विष्ठा हा रोग नव्हे. ससा ती परत खातो व त्यातून पोषण मिळवितो, त्याला अडवू नये. लघवी कधी तांबूस दिसते, ती बहुधा पाल्यातल्या रंगाने. परंतु ससा खाणे सोडून बसला आणि दहा-बारा तास लेंडी पडली नाही, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा व पेटीत काय अंथरले होते तेही सांगावे. घरातल्या अमॉक्सिसिलिनसारख्या गोळ्या देऊ नयेत. पेनिसिलिनच्या जातीची औषधे तोंडाने दिली तर सशाच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मरतात आणि ससाही दगावतो.

घरच्यांची काळजी आणि शेताचा लाभ

काड-गवत साठविताना ते जमिनीपासून उंच, कोरड्या जागी व उंदरांपासून दूर ठेवावे. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि कोकण-गोव्यात दर पावसाळ्यात त्याची धास्ती असतेच. काडाच्या ढिगात मांजर घाण करीत असेल तर तो ढीग वापरू नये. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परोपजीवी येऊ शकतो व तो गरोदर स्त्रीच्या गर्भाला धोका करतो. तो सशाच्या लेंड्यांतून पसरत नाही. धोका अंथरुणाबरोबर आत येतो. मुलांनी पेटी साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत. सशाचे केस गोल चट्ट्यांनी झडत असतील तर नायटा समजून त्याला व मुलांनाही दाखवावे.

आता लाभाची गोष्ट. मांजराची माती भरलेली पेटी उकिरड्यावरच जाते, पण काड, गवत आणि कागदाची गादी खतखड्यात घालता येते. सशाच्या लेंड्यांत गाईच्या शेणापेक्षा नत्र अधिक असते, आणि एक ससा दिवसाला दोन-तीनशे लेंड्या टाकतो. लघवीने भिजलेले काड आधी चांगले कुजू द्यावे, मग ते परसातल्या भाजीला किंवा गांडूळखताला उपयोगी पडते. सशासाठी जे निर्धोक तेच मातीलाही निर्धोक ठरते, आणि त्याला विकत आणण्याचीही गरज नसते.

बंधुभगिनींनो, मूल ससा मागते तेव्हा त्याला जनावर देण्याआधी ही तीन प्रश्नांची परीक्षा शिकवावी. तोंड, नाक, पाय : एवढे मुलालाही पाठ होते. पेटीचे काम त्याच्याकडे सोपवावे, पण आठवड्यातून एकदा आपण स्वतः वाकून पाहावे. मुक्या जनावराला आपले अंथरूण कुबटले असे सांगता येत नाही. ते ओळखणे मोठ्यांचे काम आहे.